पाणी लागलं आणि मी बोअर बंद केली

मुलगी बघायला जाण्याच्या प्रवासावर कुणी ब्लॉग लिहिलेला माझ्या तरी वाचनात नाही. लोक लडाखला जातात, कोकणात जातात, परत येऊन सूर्यास्ताचे फोटो टाकतात. मी दौंडहून न्हावऱ्याला गेलो होतो आणि त्या प्रवासाचा माझ्याकडे एकच फोटो आहे. त्यात मी कोणता, हे बोट ठेवून दाखवावं लागतं. तरीही लिहितोय, कारण रस्ता बरा आहे, वाटेत खायला उत्तम मिळतं आणि त्या बाजूला लग्नाच्या वयाची मुलं बरीच जात-येत असतात. त्यांना उपयोग होईल.

आधी माझ्या नोकरीबद्दल सांगतो, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. मी समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असिस्टंट ड्रिलर आहे. म्हणजे समुद्राच्या तळाला भोक पाडणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहायचं आणि तो जेवायला गेला की ते भोक आपण पाडायचं. पंधरवडाभर रिगवर बारा-बारा तासांची ड्युटी, मग हेलिकॉप्टरनं परत यायचं आणि पंधरवडाभर दौंडला घरी. पगार चांगला, जेवण चांगलं, पण लग्नाच्या बाजारात या नोकरीला कुणी विचारत नव्हतं. एका स्थळानं चौकशीला माणूस पाठवला. तो आला तेव्हा मी बनियनवर दारात बसून पेपर वाचत होतो. आठवड्यानं पुन्हा आला, तेव्हाही मी तिथेच, तोच पेपर. त्यानं जाऊन सांगितलं, मुलगा घरीच असतो. दुसऱ्या एका मुलीच्या आजोबांनी मला विचारलं, "तेल काढता म्हंजी करडईचं का शेंगदाण्याचं?" मी जमिनीच्या पोटातलं म्हटल्यावर त्यांचा रसच गेला.

असे नकार साठत गेले, तसं आईनं तिच्या भावाला कामाला लावलं. भांडगावचे आमचे मामा लग्नं जमवण्यात पटाईत. त्यांनी न्हावऱ्याचं स्थळ आणलं. मुलगी मनीषा, डिप्लोमा झालेली, कारेगावच्या शेजारच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला. वडील, म्हणजे आप्पा, कांदा आणि ऊस करणारे, दारात म्हशी, गावात मान. आप्पांना माझी कीर्ती आधीच कळली होती. "निम्मा महिना घरी बसणारा जावई मला नगं," असं त्यांनी मामांना तोंडावर सांगितलं. मामा काही गप्प बसणारे नव्हेत. ते म्हणाले, "आप्पा, घरी बसतो ते खरं, पण निम्मा महिना तो जमिनीत भोक पाडतो." आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "मग सोमवारीच घेऊन या. रानात बोअरची गाडी येतीय. बघू तरी काय पाडतोय."

मामांनी मला न विचारता होकार देऊन टाकला. ठरलं ते असं की पोहेही सोमवारी आणि परीक्षाही सोमवारी.

रविवारी दुपारी दौंडच्या स्टँडवरून निघालो. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी पुण्याची कोणतीही एसटी पकडावी. पाटसला हायवे लागला की वारं सुटतं आणि डोळा लागतो, पण वरवंडला जागं राहावं. तिथे भजी मिळतात आणि गाडी जेमतेम भजी कागदात बांधण्याइतकीच थांबते. भांडगावला मामांकडे मुक्काम केला. मामींनी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि मी इस्त्रीचा पांढरा शर्ट दाराच्या खिळ्याला टांगून ठेवला. मामी म्हणाल्या, "बोअरवर पांढरा?" मामा म्हणाले, "मुलगी बघायला चाललोय आपण. बोअर काय, लांबून बघायची." त्या शर्टाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

सकाळी मामांच्या मोटरसायकलवर निघालो. भाच्याच्या कामाला निघालं की पेट्रोल भाच्यानं भरायचं, हा आमच्याकडचा कायदा आहे. हायवेनं चौफुल्याला आलो. इथे माझी एक सूचना आहे. चौफुल्याला चहाला थांबायचं तर तमाशाच्या थिएटरसमोरच्या टपरीवर थांबू नये. चहा सगळ्यात चांगला तिथेच मिळतो, हे मान्य. पण आम्ही तिथे कपबशी घेऊन उभे असताना न्हावऱ्याकडचा एक टेम्पो थांबला, आतल्या माणसानं मामांना रामराम घातला, माझ्याकडे बघितलं, मग थिएटरच्या पाटीकडे बघितलं. मामांचा चेहरा पडला. "आपल्या आधी हा पोचतोय आता," असं म्हणत त्यांनी उरलेला चहा बशीसकट टाकला.

केडगावचं रेल्वे फाटक बंद असणारच, ते धरून चालावं. मालगाडी जाईपर्यंत कलिंगडाची फोड खाऊन घ्यावी. फाटक ओलांडलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळं. कढईतल्या रसाचा वास रस्त्यावर येतो. गुऱ्हाळावर उभं राहिलं की कुणीतरी उसाच्या कांड्यावर गरम काकवी देतं, पैशाचं विचारलं तर रागावतं. पारगावला भीमेचा पूल लागतो. पुलावर मामांनी गाडी थांबवली, कंगवा काढला आणि स्वतःचे केस विंचरले. मला म्हणाले, "तिथं इंग्रजी शब्द कमी वापर. रिग म्हणू नगंस. मशीन म्हण."

न्हावऱ्याला आप्पांच्या रानात पोचलो तर लांबूनच पांढुरका धुरळा आकाशात चढताना दिसला. बोअरची गाडी लागलेली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक मोठा ट्रक, त्याच्या पाठीवर उभा केलेला लोखंडी मनोरा, आणि शेजारी दुसरा ट्रक, त्यात वीस-वीस फुटी लोखंडी पाइप. पाइपाच्या टोकाला हातोडा असतो. कॉम्प्रेसर वरून पाइपात हवा सोडतो, त्या हवेनं हातोडा खाली दगडावर बडवत राहतो आणि फिरतो, आणि तीच हवा फुटलेल्या दगडाचं पीठ करून बाहेर उडवते. एक पाइप गेला की त्याच्या डोक्यावर दुसरा जोडायचा. आमच्या रिगवर हवेऐवजी चिखल फिरवतात आणि सगळं दहापट मोठं असतं, पण तत्त्व तेच. खरं सांगायचं तर तो आवाज ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं.

आप्पा बांधावर घोंगडीवर बसले होते. उंच, टोपी, पांढऱ्या मिशा. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "चौफुल्याला च्या चांगला मिळतो म्हंत्यात." मामांनी एकदम कांद्याच्या भावाचा विषय काढला.

मनीषा फर्स्ट शिफ्टला गेली होती, दुपारनंतर कंपनीच्या बसनं येणार होती. तोवर आप्पांनी मला गाडीकडे नेलं. ऑपरेटर तमिळनाडूचा, नाव सेल्वम. कमरेला लुंगी, डोक्याला टॉवेल, अंगावर दगडाचं पीठ. मी काय काम करतो हे मामांनी त्याला हिंदीत सांगितलं, म्हणजे हातवारे करून "समुंदर" आणि "होल" एवढं म्हणाले. सेल्वमला लगेच कळलं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "सार, आप उधर का ऑपरेटर, मैं इधर का ऑपरेटर!" त्याला कुणाशी तरी बोलायचंच होतं. दगड कुठे मऊ लागतो, हातोड्याचा आवाज कसा बदलतो, कॉम्प्रेसर कधी कुरकुरतो, हे तो मला सांगू लागला आणि मी त्याला. भाषा अर्धी समजत होती, पण एकानं कान दाखवला की दुसऱ्याला सगळं कळत होतं. शेवटी त्यानं लिव्हरवरचा हात काढला आणि म्हणाला, "सार, एक पाइप आप डालो. मैं चाय पीता."

मान मोठा होता. आप्पा बघत होते. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि लिव्हर धरले.

पाइप सुरेख गेला. खडकावर किती दाब द्यायचा हे हाताला लिव्हरमधून कळतं. जास्त दाबलं तर हातोडा गुदमरतो, कमी दाबलं तर नुसता उड्या मारतो. मी मधला सूर धरला. काळ्या पाषाणाचं राखाडी पीठ एकसारखं उडत होतं. दुसरा पाइप जोडला, तोही गेला. मामा आप्पांना म्हणाले, "बघा, हात कसा बसलाय." आप्पा म्हणाले, "व्हय, हात हाय." एवढं कौतुक मला लग्नाच्या कामात प्रथमच मिळत होतं. माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

आता इथे मला रिगवरची एक गोष्ट सांगायला हवी. समुद्रात आम्ही ज्याला सगळ्यात जास्त भितो त्याला किक म्हणतात. खालच्या दगडात दाबून बसलेला वायू भोकात शिरतो आणि वर निघतो. वेळेत आवरला नाही तर पेटतो, मग रिगही राहत नाही आणि माणसंही. त्याची पहिली खूण म्हणजे चाललेलं ड्रिल एकाएकी मऊ लागून झपाट्यानं खाली जाऊ लागतं. दुसरी खूण, भोकातून जास्तीचं काहीतरी बाहेर यायला लागतं. तसं झालं की विचार करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. सगळं थांबवायचं आणि भोकाचं तोंड बंद करायचं. याचा सराव आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतात की झोपेत अलार्म वाजला तरी हात आधी जातो आणि डोकं मागून येतं.

तिसरा पाइप अर्धा गेला असेल. हातोड्याचा आवाज बदलला. पाइप एकाएकी लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. राखाडी पीठ लाल झालं, मग ओलं झालं, मग खालून गडगडाट आला आणि भोकातून लाल पाण्याचा फवारा मनोऱ्याच्या कमरेपर्यंत उडाला. बांधावरचे लोक टाळ्या वाजवत उठले. आप्पांनी टोपी काढली.

आणि मी ओरडलो, "किक! बंद करा! सगळे लांब व्हा!" आणि हवेचा कॉक खाडकन बंद केला. पाठोपाठ इंजिनही बंद केलं.

फवारा खाली बसला. शिवारात एकदम शांतता झाली. एवढी की लांबच्या रस्त्यावरून गेलेली एसटी ऐकू आली. मी अजूनही दोन्ही हात पसरून लोकांना मागे ढकलत होतो. सेल्वम चहाचा ग्लास घेऊन धावत आला. त्यानं कॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सार, पानी के लिए ही तो आया हम."

तेव्हा कुठे माझं डोकं माझ्या हातापर्यंत पोचलं.

सेल्वमनं इंजिन चालू केलं, हवा सोडली. हवेच्या दाबाचा काटा चढत गेला, पण वर काही येईना. फिरवायला गेला तर पाइप फिरेना. उचलायला गेला तर पाइप तसाच आणि ट्रकची मागची बाजूच खाली दबायला लागली. हवा एकाएकी थांबल्यामुळे वर चढत असलेला सगळा लाल गाळ खाली बसला होता आणि हातोड्याला त्यानं सिमेंटसारखं धरलं होतं.

आप्पा जवळ आले. "काय झालं?"

"अडकलं, आप्पा."

"म्हंजी पानी लागलं, आन् तुमी त्येला बूच लावलं?"

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. मामा बांधावर जाऊन बसले आणि कपाळाला हात लावला. हातोडा निघाला नाही तर ती बोअर वाया, आणि ती बोअर वाया म्हणजे माझं स्थळही त्याच भोकात जाणार हे उघड होतं. खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं. मोटरसायकल समोरच होती. पण अडकलेला पाइप सोडून जाणारा ड्रिलर मी अजून पाहिलेला नाही, आणि पहिला आपण व्हावं असं वाटेना.

मी सेल्वमजवळ गेलो. तो जॅक लावून ओढायच्या तयारीत होता. मी म्हटलं, ओढू नकोस, गाळ वर आहे, ओढलं की आणखी आवळेल, आधी खाली ढकलू. त्यानं मान हलवली. त्याच्याही मनात तेच होतं, फक्त मालक बघत असला की ओढून दाखवावं लागतं, असं तो हळूच म्हणाला. घाईत मी पाइप उलटा फिरवायला हात घातला, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. "उल्टा नहीं सार! सब खुल के नीचे रह जाएगा!" उलटं फिरवलं की पाइपांचे आटे सुटतात. आमच्याकडे हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. पण आप्पा मागे उभे असताना पहिल्या महिन्यातलं काही आठवत नाही.

मग मला रिगवरचा फेस आठवला. जड गाळ वर चढेना की आम्ही हवेबरोबर साबणासारखं द्रावण सोडतो, फेस गाळाला उचलून आणतो. सेल्वमकडचा फेसाचा डबा आधीच्या गावाला संपला होता. मी मामांना म्हटलं, "मामा, चौकातून वॉशिंग पावडर आणा. मिळेल तेवढी."

मामांनी मान वर केली. "आता धुण्यानं काय व्हणार?"

"आणा तरी."

मामा गेले आणि पावडरीचे पुडे, वर सावधगिरी म्हणून निळ्या साबणाच्या वड्याही घेऊन आले. आम्ही बादल्यांत पावडर कालवली, वरचा पाइप सोडवून आत ओतली, पाइपाबाहेरच्या फटीतूनही ओतली. मग काम सुरू झालं. हवा थोडी सोडायची, थांबायचं. पाइप बोटभर खाली, बोटभर वर. सेल्वमनं तळहात पाइपावर ठेवला, मी काट्यावर डोळा ठेवला. त्याच्या हाताला खाली काहीतरी हललेलं कळायचं आणि त्याच क्षणी माझा काटा किंचित उतरायचा. मग आम्ही एकमेकांकडे बघायचो. यात ताकदीचं काही काम नसतं, धीराचं असतं. गाळ अंगावर उडत होता, शर्टाचा रंग कधीच गेला होता आणि फटीतून पांढरा फेस उकळी आल्यासारखा वर येऊन कांद्याच्या वाफ्यात पसरत होता.

याच वेळी मनीषा आली. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. कंपनीच्या बसमधून उतरून थेट रानात. बोअरभोवती आम्ही सगळे सारख्याच रंगाचे उभे होतो. तिनं वडिलांना विचारलं, "आप्पा, ह्यातले बघायला आलेले कोणते?"

सेल्वमनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी हात जोडले, हातातून फेस गळला.

"काय झालंय?" तिनं विचारलं. आप्पांनी सांगितलं, "पाव्हण्यांनी पानी बंद केलं, आन् आता कपडं धुत्यात." मी हवा, गाळ, हातोडा असं काहीतरी चाचरत सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "फेस वर येतोय, म्हणजे वाट उघडतेय ना?" मी हो म्हटलं. "मग थांबलात का?" पावडर संपलीय म्हटल्यावर ती घरी गेली आणि स्वयंपाकघरातला पावडरीचा अख्खा डबा घेऊन आली. मागून तिच्या आईचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते.

तो डबा ओतला. ऊन कलायला लागलं होतं. बोटभराचं वीतभर झालं. काटा एकदम पडला, सेल्वम तमिळमध्ये काहीतरी ओरडला, पाइप फिरायला लागला आणि खालून पुन्हा तो गडगडाट आला. माझा हात पुन्हा कॉककडे गेला. खरंच गेला. मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. फवारा उडाला तो फेसासकट, आणि आप्पा, मामा, मनीषा, म्हशी, सगळ्यांवर आला. मामांनी समारंभासाठी आणलेला कॅमेरा त्याच वेळी काढला. तो हा फोटो.

पाणी अडीच इंची लागलं. आधी साबणाचं, मग लाल, मग संध्याकाळी स्वच्छ. आप्पांनी ओंजळीत घेऊन चव बघितली आणि म्हणाले, "गोड हाय. जरा वास येतोय कपड्याचा, पन गोड हाय."

पोहे आम्ही बांधावरच खाल्ले. सेल्वम आणि त्याची माणसंही बसली. भरपूर शेंगदाणे, वर ओलं खोबरं, शिवाय घरच्या म्हशीच्या दुधाचा चहा. चौफुल्यापेक्षा चांगला, हे मी मोठ्यानं म्हणालो. खाताना आप्पांनी विचारलं, "तिकडं समुद्रात आशी चूक झाली तर?"

मी म्हटलं, "आप्पा, तिकडं ही चूक धरत नाहीत. बंद करून काही निघालं नाही, तर हसतात आणि पुढं चालू करतात. बंद केलं नाही, तर हसायला कुणी राहत नाही."

आप्पा पोहे चघळत राहिले. मग उठून म्हशींकडे गेले आणि जाताना मामांनाही उठवून घेऊन गेले.

मनीषानं विचारलं, "भीती वाटते तुम्हाला तिथं?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पगार विचारला होता, शेती विचारली होती. मी खरं ते सांगितलं, की वाटते, रोज वाटते, आणि घरी आलो की पहिले काही दिवस कुकरच्या शिट्टीलाही दचकतो. स्थळ बघायला आलेल्या मुलानं असलं बोलू नये हे मला कळत होतं.

ती म्हणाली, "आमच्या लाइनला एक लाल बटण आहे. काही चुकीचं दिसलं की दाबायचं, सगळी लाइन थांबते. थांबली की सुपरवायझर ओरडतो, म्हणून कुणी दाबत नाही. मी एकदा दाबलं. पार्ट चांगला निघाला. महिनाभर सगळे मला 'लाल बटण' म्हणत होते."

"मग परत दाबलं?"

"दाबलं की. परवाच. तेव्हा पार्ट खराब निघाला. तेव्हा कुणी काही नाव ठेवलं नाही."

आम्ही दोघं फेसाच्या वाफ्याकडे बघत बसलो. मला ती फार आवडली. तसं तिला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी पोहे पुन्हा मागितले.

निघताना होकार नाही, नकार नाही. आप्पांनी फक्त कांद्याची एक गोणी मोटरसायकलला बांधून दिली. गोणी मागे, मी गोणीवर, असे आम्ही अंधार पडायच्या आत पारगावचा पूल ओलांडला. मी मामांना विचारलं, काय वाटतं? मामा म्हणाले, "गोणीभर दिलाय. नकार द्यायचा आसता तर पिशवीत दिला आसता." घरी पोचल्यावर मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं शर्टाकडे बघितलं, गोणीकडे बघितलं आणि देवापुढे साखर ठेवली. मामांचा हिशोब बरोबर निघाला. मी पुन्हा रिगवर जायच्या आतच फोन आला. मुलगी हो म्हणाली होती, आणि आप्पांचं मत असं पडलं होतं की निम्मा महिना घरी असणारा जावई तसा सोयीचाच असतो, भावकीत अजून बऱ्याच बोअरी मारायच्या आहेत.

आता आम्ही कारेगावात भाड्यानं राहतो, कारण तिची कंपनी जवळ आहे आणि मला हेलिकॉप्टर कुठूनही लांबच. माझ्या पंधरवड्यात स्वयंपाक मी करतो, कपडे मी वाळत घालतो. शेजारच्या काकू हे सगळं गॅलरीतून बघत असतात. परवा त्यांनी मनीषाला बाजूला घेऊन सांगितलं की एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा निघालीय, मिस्टरांना लावून टाक. मनीषा म्हणाली, "विचारते त्यांना, पण निम्माच महिना जमेल."

न्हावऱ्यात मी दिसलो की लोक अजून "बंद करा!" असं ओरडतात. मला राग येत नाही. त्या प्रवासातून माझ्याकडे काय राहिलं असं कुणी विचारलं, तर काकवीची चव आणि न निघालेला लाल डाग आहेच, पण खरं राहिलं ते दुसरंच. मी बॅग घेऊन निघालो की आई म्हणते नीट जा, मामा म्हणतात फोन कर, आप्पा म्हणतात लवकर या, काम हाय. मनीषा दारापर्यंत येते, चपला नीट लावल्यासारखं करते आणि दर वेळी तेच सांगते.

"खालून काही यायला लागलं की आधी बंद करा. पाणी असलं तर असू दे."